सोलफुल हाउस ट्रॅक हॉटेलच्या लॉबीतल्यासारखा वाजतोय? या चुका टाळा

किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आहे, टाळी आहे, ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवर नाइन्थ कॉर्ड आहेत, वर सॅक्सोफोनचा एक तुकडाही आहे. सगळं सुरात, सगळं तालात. तरीही ट्रॅक लावला की एखाद्या हॉटेलच्या लॉबीत सोफ्यावर बसून कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. जॅझच्या अंगाने जाणारं सोलफुल हाउस, म्हणजे मात्रेमात्रेला किक असलेलं क्लबमध्ये नाचायचं संगीत, घरच्या कॉम्प्युटरवर करणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते. माझीही होती. क्लबमध्ये वाजवणाऱ्या मित्राला मी पहिला ट्रॅक पाठवला, तेव्हा त्याचं उत्तर दोनच शब्दांचं आलं: ‘छान आहे.’ वाजवला मात्र नाही.

नंतर कळलं की गडबड एका ठिकाणी नव्हती, पण सगळ्या गडबडींचं मूळ एकच होतं. मी हाउसचा साचा तयार करून त्यावर जॅझ कोथिंबिरीसारखं भुरभुरवत होतो. ज्या रेकॉर्ड ऐकून हा नाद लागला, त्यांत जॅझ वरून पेरलेलं नाही. कोण किती वेळ गप्प राहतो, यात ते आहे.

दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवा. एका टोकाला शिकागोचा लॅरी हर्ड. मूळचा ड्रमर. मिस्टर फिंगर्स या नावाने त्याने १९८६ साली ‘कॅन यू फील इट’ काढलं, ते रोलंडचा एक सिंथेसायझर आणि एक ड्रम मशीन एवढ्याच ऐवजावर. दुसऱ्या टोकाला न्यू यॉर्कचे केनी ‘डोप’ गोन्झालेझ आणि लुई वेगा, म्हणजे मास्टर्स ॲट वर्क ही जोडी. त्यांच्या १९९७ सालच्या ‘न्यूयोरिकन सोल’ या अल्बममध्ये व्हायब्राफोनवर रॉय एयर्स, गिटारवर जॉर्ज बेन्सन आणि तालवाद्यांवर टिटो पुएन्ते असे दिग्गज वाजवतात. एकीकडे खोलीत एकटा माणूस, दुसरीकडे भरलेला स्टुडिओ. पण दोन्हीकडे ठेका जागचा हलत नाही आणि कुणी कुणाच्या बोलण्यात तोंड घालत नाही. आपल्याकडे गाणाऱ्याला ‘जागा’ घेता आली पाहिजे म्हणतात. इथे जागा सोडता आली पाहिजे.

कॉर्डांची गर्दी

जॅझ म्हटलं की आपण आधी कॉर्डांकडे धावतो. दोन व्हिडिओ बघून टू-फाइव्ह-वन ही जॅझमधली ठरलेली कॉर्डसाखळी कळली, तिसऱ्यात ट्रायटोन सब्स्टिट्यूशन ही कॉर्ड बदलायची युक्ती कळली, की आठ बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रा) सात कॉर्ड कोंबलेच. बसून ऐकायला ते छान वाटतं. नाचणाऱ्याला मात्र जवळपास दर बारला नवी बातमी मिळत राहते आणि त्याचं अंग एका चालीत रुळत नाही.

दोन कॉर्ड घ्या. अगदीच राहवत नसेल तर चार, पण मग ते आठ बार पुरवा. माझा नेहमीचा नमुना देतो: डी मायनर नाइन्थ आणि जी थर्टीन्थ. मूळ सूर, म्हणजे डी आणि जी, बेसला देऊन टाका आणि कीबोर्डवर त्यांना हातच लावू नका. उजव्या हाताने पहिल्या कॉर्डला एफ, ए, सी, ई धरा. दुसऱ्याला एफ, ए, बी, ई. चारपैकी एकच बोट हललं, सीवरून बीवर, तेही अर्ध्या सुराने. कानाला मात्र सगळी खोली फिरल्यासारखी वाटते. जॅझ पियानोवाले हे शाळेत बाराखडी शिकावी तसं शिकतात. आपण मात्र प्रत्येक कॉर्डला हात उचलून नव्या ठिकाणी आपटतो आणि मग ट्रॅक अडखळतोय म्हणून प्लगइन बदलत बसतो.

‘मिक्स गढूळ झालाय’ ही तक्रारही बहुतेक वेळा इथूनच निघते. डावा हात कीबोर्डच्या खालच्या भागात कॉर्ड धरून बसलेला असतो आणि तिथेच बेसही असतो. इक्वलायझर उघडण्याआधी डावा हात म्यूट करून बघा. दहापैकी सात वेळा गढूळपणा तिथेच संपतो. उरलाच तर ऱ्होड्सचा १५० ते २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा.

याच्या अगदी उलटी वाटही आहे आणि तीही तितकीच अस्सल आहे. एकच मायनर कॉर्ड सॅम्पल करायचा आणि तो अख्खाच्या अख्खा कीबोर्डवर वर-खाली सरकवायचा. सगळे सूर समांतर चालतात. हार्मनीच्या पुस्तकात ही चूक धरली जाईल, पण हाउस ज्यावरून ओळखू येतं अशा आवाजांपैकी तो एक आहे. कोणतीही वाट धरा, पण एका ट्रॅकमध्ये एकच. एका बाजूला बोटांची नाजूक हालचाल आणि दुसऱ्या बाजूला सरकणारा ठोकळा असं केलंत, तर एक खरं वाटतं आणि दुसरं नक्कल.

स्विंग कुठे लावायचा ते आधी कळू द्या

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

जॅझच्या ड्रमरचा राइड सिंबल आठवा. तिथे एका मात्रेचे दोन भाग होतात आणि ते असमान असतात: पहिला लांब, दुसरा आखूड. म्हणजे लचक दुगुणीत आहे. हाउसमध्ये मात्रा किकने ठाम धरलेली असते, मात्रेचे चार भाग होतात आणि त्यातला दुसरा आणि चौथा किंचित उशिरा येतो. इथे लचक चौगुणीत आहे. हा फरक लक्षात न घेता जॅझचा राइड जसाच्या तसा चार किकांवर चढवला की ट्रॅक लंगडायला लागतो. मग माणूस म्हणतो, ‘जॅझ आणि हाउस जमत नाही.’ जमतं, पण मजला चुकलेला असतो.

आता आकडे. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. रॉजर लिनने घडवलेल्या आणि १९८८ साली आलेल्या अकाईच्या एमपीसी ६० या यंत्रामुळे स्विंग, म्हणजे ही लचक, टक्क्यांत सांगायची पद्धत रुळली. ५० टक्के म्हणजे सरळ. ५४ टक्के म्हणजे दुसरा भाग १० मिलिसेकंद उशिरा. ५८ म्हणजे २० मिलिसेकंद. ६६च्या आसपास गेलात की उशीर चाळीस मिलिसेकंदांवर जातो आणि चौगुणीची चक्क तिगुणीसारखी चाल होते. सोलफुल हाउसचा माझा पट्टा ५४ ते ५८. त्यापलीकडे उड्या सुरू होतात आणि ट्रॅक खेळकर वाटायला लागतो. हवं असेल तर ठीक, नाहीतर वैताग.

हा आकडा किकला आणि टाळीला लावू नका. म्हणजे लावला तरी बहुतेकदा काही होणार नाही, कारण ते मात्रेवरच असतात. पण मात्रांच्या मध्ये एखादी हलकी किक टाकली असेल तर ती मागे सरकते आणि बेसशी आपटते. स्विंग हाय-हॅटला, शेकरला, कोंगाला आणि बेसच्या दबक्या सुरांना. आणि सगळ्यांना एकच आकडा. बेस ५८ वर आणि शेकर ५४ वर असेल तर त्यांच्यात १० मिलिसेकंदांची फट पडते. ती वेगळी ऐकू येत नाही, पण ठेका ‘सैल’ वाटतो. ही चूक शोधायला मला दोन रात्री लागल्या, कारण मी आवाजात दोष शोधत होतो आणि दोष वेळेत होता.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर, सगळं यंत्रासारखं वाजतं म्हणून लोक ‘ह्युमनाइझ’चं बटण दाबतात. ते बटण काय करतं? प्रत्येक ठोका अंदाधुंद मागे-पुढे टाकतं. माणूस असं वाजवत नाही. चांगला ढोलकीवाला ठराविक बोल दर आवर्तनात तितकाच मागे ठेवतो. त्याच्या हाताची ती सवय असते, अपघात नसतो. लावणीचा ठेका ग्रिडवर ठोकून बसवा, लावणी मरेल. तोच ठेका ‘ह्युमनाइझ’ करा, ढोलकीवाला प्यायलेला वाटेल.

म्हणून एक तरी वाद्य हाताने वाजवा, तेही ट्रॅकभर. शेकर विकत घेतला नाही तरी चालेल. स्टीलच्या छोट्या डबीत मूठभर तांदूळ भरा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. साबुदाणा थोडा मऊ वाजतो, मला तोच आवडतो. मोबाइल नको, कोणताही बरा माइक चालेल. सहा मिनिटं सलग हलवा. मनगट दुखेल. तिसऱ्या मिनिटानंतर हात आपोआप एका लयीत जातो आणि रेकॉर्डिंगमधला कामाचा भाग तिथून सुरू होतो. दोन बार कापून लूप करायचा मोह होईल, तो आवरा.

वेगाबद्दल एकच ओळ: ११८ ते १२४. १२८ वर ऱ्होड्सला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

ऱ्होड्स म्हणजे नुसता ‘मऊ पियानो’ नव्हे

ऱ्होड्सच्या आत हातोडीचं टोक धातूच्या बारीक सळईवर बसतं आणि त्या सळईची थरथर गिटारसारखाच पिकअप उचलतो. हळू वाजवलं तर घंटेसारखा गोल आवाज, जोरात वाजवलं तर तो गुरगुरतो. म्हणजे हे वाद्य बोटाच्या जोरावर चालतं. माउसने सूर टाकले आणि सगळ्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे सुराचा जोर, १०० किंवा १२७ ठेवली, तर कितीही महाग सॅम्पल लायब्ररी असो, आवाज खेळण्यातला येणार. ५० ते ९० च्या दरम्यान खेळा आणि गुरगुर एखाद्याच सुराला द्या, शक्यतो मात्रेवर न येणाऱ्या. कॉर्डचे चारही सूर एकाच क्षणी, एकाच जोराने येऊ देऊ नका. सर्वांत वरचा सूर थोडा पुढे, मधले मागे.

एक खास फसवी जागा सांगतो. ऱ्होड्सच्या सूटकेस मॉडेलवर ‘व्हायब्रॅटो’ असं लिहिलेली जी खुंटी आहे, ती सूर हलवत नाही. ती आवाज डाव्या स्पीकरमधून उजव्यात आणि परत असा झुलवते. हेडफोनवर ते इतकं सुंदर वाटतं की आपण त्यावरच ट्रॅकची उभारणी करतो. पण कित्येक क्लबांत आवाज मोनो असतो. मोनोत डावा आणि उजवा एकत्र झाले की एक वाढतो तेवढा दुसरा कमी होतो आणि झुलणं जागच्या जागी विरतं. उरतात सपाट कॉर्ड. ‘घरी जिवंत होतं, तिथे मेलं’ अशी तक्रार असेल तर आधी मास्टरवर, म्हणजे पूर्ण मिक्सवर, मोनोचं बटण दाबा. उपाय म्हणजे थोडा खरा ट्रेमोलो, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकदम कमी-जास्त होणारा, मिसळा किंवा हालचाल फेजर या इफेक्टकडून घ्या.

किक आणि बेस

इथे चुका नेहमीच्याच आहेत, म्हणून भराभर. किकचा सूर ट्रॅकच्या सुराला जुळवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण रोलंडच्या ९०९ ड्रम मशीनच्या किकचा सूर वरून खाली घसरतो, त्यामुळे तो नेमका कुठे जुळवायचा हा प्रश्नच असतो. त्यावर तासभर घालवण्यापेक्षा किकची शेपटी आखूड करा आणि बेसचा सूर शेपटी संपल्यावर येऊ द्या. अर्ध्या भांडणाचा निकाल तिथेच लागतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी साइडचेन, म्हणजे किक आली की बाकीचा आवाज आपोआप खाली दाबणं, पण दोन-तीन डेसिबल पुरे. किक आली की सगळा ट्रॅक आत ओढला जाऊन पुन्हा बाहेर येतो, तो परिणाम वेगळ्या प्रकारच्या हाउसमध्ये शोभतो. इथे ऱ्होड्सचा सूर विझत जाण्याचीच गंमत असते आणि साइडचेन नेमकी तीच खाऊन टाकतं.

फोनवर बेस गायब होतो? मग तुमचा बेस निव्वळ सब, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, आहे. खालचा डी ३७ हर्ट्झच्या आसपास पडतो, फोनच्या स्पीकरला तो दिसतही नाही. थोडं सॅच्युरेशन देऊन वरचे उपसूर जागे करा, किंवा तीच ओळ बेस गिटारवर एक सप्तक वर हळू आवाजात वाजवा. बेसची ओळ गुणगुणता येते का, हेही बघा. येत नसेल तर आवाजावर कितीही मेहनत घ्या, ओळच बदलावी लागणार.

सॅक्सोफोन नावाचं संकट

कीबोर्डवरून वाजवलेला सॅक्सोफोन वापरू नका. बस. यात मधला मार्ग नाही. सुरात शिरताना होणारा घसरा, श्वास आणि सूर तुटण्याआधीचा खरखरीतपणा बटणांवर येत नाही, आणि लॉबीचा वास जर कुठून येत असेल तर तो याच वाद्यातून. सॅक्सवाला मिळत नसेल तर सॅक्स नको. व्हायब्राफोनचा आवाज सॅम्पलमधून बराच खरा वाटतो, तळहात तारांवर टेकवून वाजवलेली गिटारही चालते.

पण माणूस मिळू शकतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळ असतो. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे तयार वादक आहेत. जॅझही आपल्याला परकं नाही. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि तेच सिनेमाच्या वाद्यवृंदांतही बसत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त त्या आवाजाचं काय केलं, ते घराघरांत ऐकलं गेलं.

मी एका बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या काकांना घरी बोलावलं. त्यांना सांगितलं, ‘डी मायनर आहे.’ ते वाजवायला लागले आणि सगळं भयंकर बेसूर. अर्धा तास मी कॉम्प्युटरमध्ये बिघाड शोधत होतो. काका शांतपणे म्हणाले, ‘अहो, तुमचं पांढरी किती ते सांगा ना.’ पांढरी दोन म्हटल्यावर त्यांनी बोटं हलवली आणि सूर जुळला. गोम अशी की नेहमीचा क्लॅरिनेट बी-फ्लॅटचा असतो. वादक ज्याला डी म्हणतो तो प्रत्यक्षात सी वाजतो. तुम्हाला डी हवा असेल तर त्याला ई वाजवावा लागतो. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, तिथे तुमच्या डीसाठी त्याला बी वाजवावा लागतो. हे आधी ठरवा, नाहीतर तंबोऱ्याचा सूर लावून द्या आणि वाद घालू नका.

सूर जुळल्यावर खरी अडचण पुढे आली. काकांनी पहिल्या तीन टेकमध्ये एकही बार मोकळा ठेवला नाही. वरातीत मोकळी जागा म्हणजे बँड दमला असं लोक समजतात, त्यांचा काय दोष? मी विनंती केली की आठ बारांपैकी सहा बार नुसतं ऐकायचं आणि शेवटच्या दोनमध्येच बोलायचं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, ‘मग पैसे कशाचे द्यायचे ते ठरवा.’ पैसे पूर्ण दिले. चौथा टेक ट्रॅकमध्ये आहे. त्या दोन बारांत त्यांनी सहा सूर वाजवले असतील, पण सहा बार ऐकल्यानंतरचे ते सहा सूर आहेत आणि ते ऐकताना कळतं. रेकॉर्डिंगच्या वेळी वादकाच्या हेडफोनमध्ये पूर्ण ट्रॅक देऊ नका. किक, बेस आणि ऱ्होड्स एवढंच द्या. जितकं जास्त ऐकू येईल तितकी तो भर घालत जाईल.

गायिकेच्या बाबतीत वेगळी गंमत होते. सोलफुल हाउसच्या न्यू जर्सीतल्या परंपरेत, म्हणजे नेवार्कच्या क्लब झान्झिबारमध्ये टोनी हम्फ्रीज हा डीजे वाजवायचा तिथल्या संगीतात, चर्चमधल्या गॉस्पेल गायकीचं बळ आहे. आपल्या ओळखीतली गायिका बहुधा शास्त्रीय शिकलेली असते. तिच्याकडून अमेरिकन चर्च काढून घ्यायचा हट्ट धरू नका, नक्कल लगेच उघडी पडते. तिला तिच्या भाषेत सांगा. वर दिलेले दोन कॉर्ड म्हणजे डीला षड्ज मानला तर सरळ काफी थाट आहे: कोमल गंधार, कोमल निषाद, शुद्ध धैवत. हे सांगितलं नाही तर मायनर ऐकून ती सवयीने कोमल धैवताकडे जाऊ शकते. पहिल्या कॉर्डवर ते खपून जातं. दुसऱ्यावर तो बी-फ्लॅट तुमच्या बीला सरळ जाऊन धडकतो. तुम्ही म्हणता गायिका बेसूर, ती म्हणते वाद्य बेसूर. दोघंही सुरातच असतात, थाट वेगळे असतात.

आणि मुरक्या. एका ओळीला एक. लांब धरलेला, हळूच विझणारा सूर कमीपणाचा नाही, हे पटवायला मला चहाचे तीन कप लागले.

जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलताना

पॅरिसच्या सेंट जर्मेन या संगीतकाराने ‘टूरिस्ट’ हा अल्बम २००० साली ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीवर काढला. त्यातल्या ‘रोझ रूज’मध्ये गायिका मार्लिना शॉच्या एका मैफलीतला आवाज घेतलेला आहे. ते ऐकून आपणही जुन्या रेकॉर्डकडे वळतो आणि दोन गोष्टी चुकतात.

एक, परवानगी. तुकडा घेतला की दोन हक्क लागतात: ध्वनिमुद्रणाचा आणि मूळ रचनेचा, आणि त्यांचे मालक बहुधा वेगळे असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे ‘रेकॉर्ड जुनी आहे, उचला’ हे एवढं सोपं नाही, आणि बाहेरच्या देशांत नियम वेगळे आहेत. दुसऱ्याचे तीन सूर घेण्यापेक्षा तेच कॉर्ड स्वतः वाजवून, टेपसारखे खराब करून, मग स्वतःचंच सॅम्पल कापणं हा सोपा मार्ग.

दोन, लय आणि सूर. जुने ड्रमर मेट्रोनोमच्या क्लिकशिवाय वाजवत, त्यामुळे वेग हळूहळू हलतो. सॉफ्टवेअर प्रत्येक ठोक्याला खुंटी मारून ग्रिडवर ओढायला बघतं आणि ज्यासाठी तो तुकडा आवडला तीच चाल निघून जाते. प्रत्येक बारच्या फक्त समेला खुंटी मारा, मधलं तसंच सोडा. सूरही नेमका ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला नसतो. वीस-तीस सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली असेल तर ट्रॅक त्याच्याकडे वळवा, कारण ताणलेलं सॅम्पल लगेच प्लास्टिकसारखं वाजतं.

तिसऱ्या मिनिटाला कंटाळा

ट्रॅक कंटाळवाणा झाला की आपण नवं वाद्य आणतो. मग आणखी एक. सहाव्या मिनिटाला अठरा ट्रॅक एकदम वाजत असतात आणि कंटाळा तसाच. काढून बघा. आठ बार बेस बंद करा. टाळी काढा, नुसती चुटकी ठेवा. उघडा हाय-हॅट पहिल्यापासून वाजतोय? तो तेहतिसाव्या बारपर्यंत दडवून ठेवा. नाचणाऱ्याला तो आल्याचं पायात कळतं.

न्यू यॉर्कच्या किंग स्ट्रीटवर ८४ क्रमांकाच्या इमारतीत पॅरडाइज गॅरेज हा क्लब होता, १९७७ ते १९८७. लॅरी लेव्हान हा डीजे तिथे वाजवायचा. दारू मिळत नसे, लोक नाचायलाच येत. अशा ठिकाणी वाढलेलं हे संगीत तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं होत नाही. तुम्ही पाचव्या सेकंदाला गायिका आणलीत, तर डीजेला आधीचं गाणं मिसळायला जागाच उरत नाही. १२० बीपीएमला एक बार दोन सेकंदांचा. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी ३२ बार, म्हणजे ६४ सेकंद, फक्त ताल आणि फार तर बेस ठेवा. घरी ऐकताना ते लांबलचक वाटेल. वाटू दे, घरासाठी वेगळी छोटी आवृत्ती काढा.

आवाज वाढवण्याआधी

शेवटी मास्टरवर लिमिटर, म्हणजे शिखरं दाबून सगळा आवाज वाढवू देणारं साधन, बसतो आणि हात थांबत नाही. या संगीतात ऱ्होड्सचा हळू सूर आणि गायिकेचा चढा सूर यांतला फरक हाच माल आहे, तो चपटा केला तर विकायचं काय? स्पॉटिफाय तसंही सगळं साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतं, म्हणजे तुमचा दणदणीत मास्टर तिथे खालीच ओढला जातो.

विनाइल काढायचा विचार असेल तर तिथले नियम वेगळे आहेत. बेस मोनो ठेवा. खालचे सूर डावी-उजवीकडे पसरले असतील तर खाच खोल-उथळ होते आणि सुई उडते. गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ आधीच मऊ करा, कारण रेकॉर्डच्या मध्याकडे जाताना तेच पहिल्यांदा फाटतात. बारा इंची रेकॉर्ड ४५ च्या गतीवर कापायची असेल तर एका बाजूला साधारण नऊ मिनिटांपर्यंत आवाज दमदार राहतो, त्यापुढे खाचांना जागा पुरत नाही आणि आवाज खाली आणावा लागतो. नऊ मिनिटांचा ट्रॅक साडेदहाचा झाला असेल तर आधी सुरुवातीचे बार मोजा.

आणि डीजेला पाठवताना एकच फाइल पाठवू नका. गायिकेसह एक, तिच्याशिवाय एक, आणि जमल्यास नुसता ताल-बेस असलेली एक. माझ्या त्या मित्राने शेवटी वाजवली ती दुसरी. क्लॅरिनेटचे दोन बार आले तेव्हा त्याने बेस बंद केला होता. काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलं, ‘बाकीचे सहा बार कोण वाजवतंय?’